अडीच सीसी

इथर केईएमच्या कंपाउंडरकडून,
एरंडेल वाण्याकडून,
रॉकेल आमच्याच रेशनकार्डावरचं
(त्यावरून आईची आठवड्याला एक कटकट ठरलेली),
तिन्ही खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत, बूच घट्ट,
समईपासून लांब, मोरीच्या फळीवर.
आमच्या खोलीला त्यामुळे एक वास होता,
अर्धा ऑपरेशनचा, अर्धा जुलाबाचा.

परळ वर्कशॉपचे फिटर भार्गव तोडणकर
दिवसा साहेबाच्या काळातली वाफेची इंजिनं खोलायचे,
रात्री अंगठ्याएवढं एक, वर्तमानपत्रावर.
एरचशेठ दुभाषांनी ते विलायतेहून आणलं होतं
सॉक्समध्ये गुंडाळून, कस्टमला न दाखवता.
बाबांनी मापं घेतली
आणि मोडीतल्या एक्सलच्या पोलादातून दुसरं केलं.
सिलिंडर वरच्या तोंडाला केसभर निमुळता.
किती केसभर? तर म्हणे, तुझ्या नव्हे, तान्ह्या पोराच्या.
पिस्टन ब्रासो लावून घासला सबंध गणपतीभर.
आरती चालू असतानाही हात थांबले नाहीत.

"प्लग नाय, बॅटरी नाय," मला सांगायचे,
"नुसता दाब. दाबलं की आपसूक पेटतं.
लढाईच्या दिवसांत स्वित्झर्लंडात कुणाला तरी सुचलं.
बाकीचे बॉम्ब करत होते तेव्हा."

जुहूच्या धावपट्टीच्या कडेला, रविवारी सकाळी,
चुन्याचं रिंगण.
मधोमध तीन पायलट, बावन्न फुटी तारा हातात,
एकमेकांच्या डोक्यांवरून हात काढत
फसलेल्या फुगडीसारखे गरगरणारे,
त्यातले लठ्ठ ते एरचशेठ.
बाहेर गुडघ्यावर बाबा,
उजव्या तर्जनीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा.
विमान उतरलं की पंख धरायचा,
बाटलीची चोच टाकीत, पिचकारी,
तापलंय म्हणून वरचा स्क्रू पाव आटा मागे,
एक टिचकी.
दुसरी टिचकी लागली की तो दिवस जेवण अळणी.

फेऱ्या मोजायला मी. नऊ वर्षांची.
फ्रॉकच्या डाव्या खिशात शंभर चिंचोके.
एक फेरी, एक चिंचोका उजवीकडे.
डावा खिसा रिकामा, की रुमाल हलवायचा.

त्या वर्षीच्या शर्यतीत कुलाब्याचे नेव्हीवाले
आमच्यापेक्षा अडीच फेऱ्या मागे होते.
मी रुमाल हलवला. बाबांनी हात वर केला.
एरचशेठनी इंधन तोडलं.
विमान अर्धा वळसा तरंगलं आणि गवतात बसलं
शांतपणे, नव्याण्णव आणि अर्ध्या फेरीवर.
ढकलत नेता येत नाही, असा नियम आहे.
नेव्हीवाले घोंघावत पुढे गेले.

घरी येईपर्यंत कुणी बोललं नाही.
एरचशेठनी मला लेमन घेऊन दिलं, तेही न बोलता.

जूनमध्ये आईने फ्रॉक लांब करायला दुमड उसवली,
चिंचोका फरशीवर टणकन.
खिशाला भोक होतं. ते शिवायचं आईला सांगून झालं होतं,
तिचंही रॉकेलबद्दल सांगून झालं होतं.
बाबांनी तो उचलला, पुसला, इंजिनाच्या डब्यात टाकला.

पुढे त्यांच्या शर्यती सुटल्या.
एरचशेठ मुलीकडे टोरांटोला गेले, तिथून मासिकं पाठवायचे:
विमानाच्या पोटात लपलेली इंजिनं,
दोन रशियन, शंभर फेऱ्या तीन मिनिटं दहा सेकंदांत.
आमच्या वेळी पाच लागायची.
बाबा चष्मा वर करून विचारत,
"पिटला किती सेकंद घेतलेत, ता लिवलानी काय?"

परवा खोली रिकामी करताना डबा सापडला.
एरंडेल लाखेसारखं गोठलेलं. चिंचोका किडलेला.
रॉकेल आता कुठल्याच दुकानात नाही,
म्हणून शिवणयंत्राचं तेल सोडलं, दोन दिवस ठेवलं.
मग पंख्याला टिचकी मारली. ट्यूब न लावता.

इंजिनाने बोट उलटं फेकलं.
इथरसुद्धा नव्हतं आत, तरी.

नख काळं पडलंय.
कणीक मळताना ठणकतं.