वाढ नाही

रबाळ्याच्या कंपनीत माझं काम एवढंच:
काचेच्या बशीत काही उगवलेलं नाही
हे बघायचं, आणि सही करायची.
डोळ्यांत घालायच्या थेंबांना जंतू चालत नाहीत.
नऊ वर्षं मी रिकाम्या बशा वाचते आहे.

सुटल्यावर वाट वाकडी करून गोठिवलीत जाते.
टॉवरच्या तारांखाली जी पट्टी उरली
तिथे बाळारामकाका मढवी वांग्याची रोपं करतात.
वर तारा गुणगुणत असतात.
या खेपेला दुसऱ्या आठवड्यातच रोपं झोपली.
पानं हिरवीच,
पण मातीलगत मान ओल्या सुतासारखी बारीक.
"कोन मुरगालतंय गो रातचा?"

बुरशी, मी म्हटलं.
तिला अडवणारेही मातीतच असतात,
तुमच्या मातीत कमी पडलेत.

मग पुडा आणला. शंखजिऱ्याची भुकटी,
तिच्यात निजलेले कोट्यवधी.
काकीनं पेज गार करून दिली,
बी तिच्यात घोळवलं, भुकटी लावली,
सावलीत पसरलं. उन्हानं मरतात, म्हटलं.
"बालंतिनीवानी जपाया लागंल," काकी म्हणाली,
आणि सुपावर आपला पदर धरून बसली.

काकांना ते बघायचे होते.
वाशीच्या कॉलेजातून मैत्रिणीनं एक बशी दिली,
किराणावाल्याकडून नोटा तपासायचा दिवा.
अंधारात धरला तर बशीभर पोपटी उजेड.
काका बराच वेळ वाकून.
"म्हंजे आपुन काजवं पेरलंव."

एक ट्रे मी मुद्दाम तसाच ठेवला, औषधाशिवाय.
"त्यानं तुझं काय खाल्लंय?"
तुलना, काका. नाहीतर कळणार कसं?
त्यांनी मान हलवली. मला ती होकाराची वाटली.

अठ्ठ्याण्णव खणांचे दोन ट्रे.
विसाव्या दिवशी एकात त्र्याण्णव उभी,
दुसऱ्यात एक्याण्णव.
मी वही घेऊन तशीच.
काकी पाणी मारता मारता म्हणाली,
"रातचे उठून शिंपलान त्यांनी. टॉर्च मीच धरलेली."

तो तक्ता मी खोडला.

सकाळी नखं दोनदा घासली,
झगा, टोपी, हातमोजे.
बशी दिव्यासमोर धरली. स्वच्छ.
'वाढ नाही' लिहिलं, सही केली.

कँटीनमध्ये फोन वाजला.
"काजवं उरलंत का गो थोरं?
पदूची सून मागते, मिरचीला."