बाणापुरती फट

वेल्समधला किल्ला, अजून अर्धाच.
गवंडी वॉरिन भिंतीत फट घडवतोय:
बाहेरून चार बोटं,
आतून धनुष्य ताणून माणूस उभा राहील एवढी.

चुन्याची पाटी वाहणाऱ्या हुनिथला
तो वरून हाक मारतो,
"ए, ओढ्यापाशी उभी राहा जरा!"

ती राहते. पाटी डोक्यावरच.
वाकड्या विलोपाशी: "नाही दिसत."
तीन पावलं पुढं: "हां, दिसतेस!"

खूश होऊन तो दगडावर आपली खूण कोरतो.
त्याची मजुरी दगडांवर.
तिची, पाट्यांवर.
उभं राहण्याचे काही नाहीत.

रात्री ती सुनेला सांगते,
पाणी विलोच्या अलीकडूनच भर.
धुणंही तिथंच.
पोरांना सवय लाव.

का, ते विचारू नकोस.
भेगांत गेलेला चुना
अजून झोंबतोय.