हवा काढताना

जुनं ब्रेक ऑइल काळ्या चहासारखं निघालं.
तळाशी गाळ, वर एक मेलेला डास.
"नवं असतं तेव्हा मधासारखं दिसतं," बाप म्हणाला.
"ओल पितं हे. झाकण घट्ट असलं तरी पितं.
इथं तर काय, बघायलाच नको."

इथं म्हणजे क्वीन्सटाउन, टास्मानियाचा पश्चिम काठ.
पावसाचे दिवस इथं कोणी मोजत नाही,
कोरडे मोजतात.
शेडच्या दारातून डोंगर दिसतात, भट्ट्यांच्या धुरानं सोलून काढलेले,
गुलाबी, राखी,
म्हाताऱ्या कुत्र्याच्या पोटासारखे.

होंडा एकोणऐंशीची. साडेसातशे.
शनिवारी होबार्टहून एक मुलगी न्यायला येणार.
बापाचा डावा डोळा गेला, तेव्हा लायसन्स
त्यानं आपणहून पाकिटात घालून पोस्टात टाकलं
आणि आठवडाभर मला सांगितलं नाही.
पण ब्रेक केल्याशिवाय गाडी द्यायची नाही.
"घरच्या माणसाला शिव्या देऊन भागतं.
परक्याला ब्रेक द्यावा लागतो."

कॅलिपरमधला पिस्टन गंजून बसलेला.
लिव्हर दाबून दाबून तसूतसूनं पुढे ढकलला,
शेवटी तो घसरला तो माझ्या मांडीवरच्या फडक्यात.
बर्नीच्या इस्पितळात मी बाळं झेलते,
तसाच झेलला.
दोघंही हसलो. बऱ्याच दिवसांनी.

वायसर मात्र नव्या आणू देईना.
तांब्याच्या दोन चकत्या चिमट्यात धरून
गॅसवर लाल केल्या, पाण्यात सोडल्या. चर्र.
"पोलाद असं विझवलं की कडक होतं. तांबं मऊ पडतं.
चौतीस वर्षं या डोंगरातून हेच उपसलं,
आता पुडीत घालून विकत घेऊ?"
खाणीतल्या ड्रिलनं त्याची बोटं कामातून गेलीत.
गार पडली की पांढरी होतात, खडूसारखी.
तीच बोटं त्यानं लिव्हरवर ठेवली.

मी खाली, चाकापाशी. आठचा पाना,
पारदर्शक नळी, तिचं टोक जॅमच्या बरणीत.
"दाब."
दाबलं.
"धर."
धरलं. मी पाव फेरा सैल केला,
नळीतून बुडबुडे पळाले, खूप, माशांच्या अंड्यांसारखे.
मी आवळलं.
"सोड."

मी आवळायच्या आत त्यानं सोडलं
तर गेलेली हवा परत आत शिरते,
सगळं पहिल्यापासून.
तीनदा तसं झालं. चौथ्यांदा त्यानं विचारलं,
"आई गेली त्या रात्री तू फोनवर होतीस ना?"
"दाब," मी म्हणाले.
"मी ठेवून दिला होता तो. तू बोलत होतीस अजून."
"धर."
त्यानं धरलं.
बोटं पांढरी पडेपर्यंत धरलं.
नळीत एकच बुडबुडा उरला होता, कडेला चिकटून,
टिचकी मारली तेव्हा गेला.
मी आवळलं, पाना काढून खिशात घातला,
आणि तरी बराच वेळ
सोड म्हणायचं राहूनच गेलं.

लिव्हर दगडासारखी झाली.

शनिवारी टॅम्सिन आली. वय सव्वीस असेल,
पैसे चारदा मोजून दिले.
बापानं एवढंच सांगितलं,
"पहिले दहा-वीस ब्रेक हळू मार. पॅड नवे आहेत.
टाकीवर ऑइल सांडलं तर लगेच पाणी ओत, रंग खातं."
मग ती निघाली,
गावाबाहेरच्या घाटाला लागली.

अंगणात उभं राहून आम्ही ऐकत होतो.
प्रत्येक वळणाआधी इंजिन खाली उतरायचं,
क्षणभर थांबायचं,
मग पुन्हा वर.
बाप बोटांवर मोजत होता.
सतराव्या वळणापर्यंत ऐकू आलं.
अठरावं डोंगरानं घेतलं.

शेडमध्ये बरणी अजून फळीवर आहे.
झाकणावर त्यानं तारीख लिहिलीय,
खाली माझं नाव, स्पेलिंग चुकवून.