आढळत नाही

पहाटे पाचला भाऊ दारात,
हातात जॅमची बाटली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.
"निबिया, हे बघ जरा. घाबरू नकोस," म्हणाला,
म्हणजे स्वतः घाबरला होता.
आत तानात वाइनचा रंग.
वाइन नव्हती ती.

रात्री इस्ला दे फ्लोरेसवरून मिरवणूक गेली.
वाल्देमार पियानो वाजवत होता,
सुरांची पेटी नव्हे, कांदोम्बेतला
सगळ्यांत जाड आवाजाचा ढोल:
उजव्या हातात काठी, डावा हात उघडा.
फेब्रुवारीचा उकाडा, साठ ढोल, दोन तास,
आणि कातड्यावर पडणारा प्रत्येक तळवा
आपल्याच कातडीखाली
तांबड्या पेशी फोडत गेला,
वाटाण्याच्या शेंगा फोडाव्यात तशा.

मी प्रयोगशाळेत असते, रात्रपाळीला.
पेशीतून सुटलेलं हीमोग्लोबिन मला ठाऊक आहे.
ढोल तापवायच्या जाळासारखं ते,
रस्त्याकडेला असतं तोवर कातडं ताणतं,
वारा शिरला की कुणाचे तरी पडदे पेटतात.
रक्तवाहिन्या आवळतं. मूत्रपिंडात जाऊन बसतं.
शेवटी लोखंडच,
जिथे सांडेल तिथे डाग.

त्याच्यासाठी रक्तात कोणीतरी हिंडत असतं.
हॅप्टोग्लोबिन.
"ग्रीकमध्ये पकडणं," आमच्या बाई सांगायच्या,
मूठ वळून दाखवायच्या, नखं तळव्यात रुतेपर्यंत.
सुटलेला तुकडा दिसला
की ते त्याचा हात धरतं
आणि सोडत नाही.
पाठराखीण जावी तसं सोबत जातं,
फक्त परत येत नाही.
प्लीहेच्या, यकृताच्या उंबऱ्यात
भक्षक पेशी दोघांनाही आत घेतात.
कोणी कोणाला धरलंय,
ही चौकशी तिथे होत नाही.

म्हणून रिपोर्टवर आकडाच आला नाही.
*हॅप्टोग्लोबिन : आढळत नाही.*

"माझ्यात नव्हतंच?" वाल्देमारने विचारलं.
"होतं. कामी आलं, सगळं."
"मग बाटलीतलं?"
"ज्यांचा हात धरायला कोणी उरलं नाही, ते."

बराच वेळ तो कपाची कड पुसत राहिला.
मग म्हणाला, "बाबांनाही व्हायचं.
म्हणायचे, ढोलाने आपला वाटा घेतला."
बाबांची मूत्रपिंडं कशाने गेली
हे आम्ही दोघांनीही विचारलं नाही.

बाकीचं मी सांगितलं नाही:
पहिली फळी संपली तरी मागे हीमोपेक्सिन असतं,
उघडं पडलेलं हीम उचलून यकृताकडे नेणारं;
तिथे एक विकर त्याचं कडं तोडतं,
हिरवं होतं, मग पिवळं,
आणि लोह फेरिटिनच्या कुलपात.
सांगायचं कशाला?
त्याच्या डाव्या तळव्यावर, अंगठ्याखाली,
जांभळा डाग होता. बुधवारी तो हिरवा झाला.

"पाणी पी. आठवडाभर ढोल नाही."
त्याने तीन दिवस पाळलं.
चौथ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर
बोटं चालू.

आठव्या दिवशी पुन्हा रक्त काढलं.
आकडा आला. बारका,
खालच्या मर्यादेला जेमतेम टेकलेला.
यकृताने कोणाला न सांगता
नव्याने माणसं भरती केली होती.

रविवारी संध्याकाळी कोपऱ्यावर
ढोल आडवे मांडून जाळ केला.
कागद कमी पडले.
वाल्देमारने माझ्याकडे न बघता हात पुढे केला.
पर्समध्ये पहिला रिपोर्ट होता, घडी झिजलेला.
"हा चालेल?"
"कागद तर आहे."
*आढळत नाही* कडेने तपकिरी झालं, मग गेलं.

त्याने कातड्यावर टिचकी मारली, कान लावला,
"अजून ढिलं आहे," म्हणाला.
मी त्याची डावी मूठ उघडून बघितली.
पिवळं.