सहाव्या पायाकडून दुसऱ्या पायाकडे

वडशाच्या पुढे, आरमोरी रस्त्याला,
कापणी झालेल्या बांधीत मंडप पडलाय.
रात्री नाटक. आणि दुपारीच भोंग्यातून
आवाज नव्हे, करवत बाहेर येतेय.

हिरामण नेवारे पेटी उघडतात.
आत उंदराच्या लेंड्या, धानाचं तूस,
मधोमध आठ पायांचा काळा किडा, सातशे एक्केचाळीस.
"याले मोकळा सोडला का, पोरी,
दोन लाख पट बोलते.
मुंगी खोकलली तरी
बारा व्होल्टावर जाऊन टाळकं आपटते.
वर, नाही तं खाली.
मधलं काही येतच नाही त्याले."

मी मीटर लावते.
सहाव्या पायातून निघालेला रेझिस्टर
दुसऱ्या पायापाशी पोचलेलाच नाही.
डाख निखळलाय, केसाएवढी फट.

एवढंच असतं ते.
बोललेल्यातला थोडा वाटा मागे आणायचा,
उलट्या पायावर ठेवायचा: बघ, एवढं बोललास.
मग तो स्वतःला आवरत जातो
दोन आणि तीन एका पातळीवर येईतो.
दुसऱ्या पायाला जमिनीशी कुणी बांधलेलं नसतं,
तरी तो जमिनीइतका गप्प.
शंभर किलोओहम, दहा किलोओहम. दहा पट.
दोन लाखांची मिजास कुठे गेली
कुणी विचारत नाही.

"आन् हाच वायर तिसऱ्याले लावला तं?
तं तो सोताच्याच हो ले हो म्हणत जाते.
मंग थांबते कायले!"

हे सगळं नेवारे ओरडून सांगतात.
तीस हिवाळे भोंग्याखाली झोपून
डावा कान गेला, उजवा जाण्यात आहे.
स्वतःचा आवाज त्यांच्यापर्यंत परत येत नाही,
म्हणून चढतच राहतो.
चहावाल्याची किटली हलते,
तळ्यावरचे बगळे उठतात.

मी डाख देते. राळेचा धूर नाकात.

रात्री तिसरी घंटा.
राजाच्या वेषातला बिसन माईकपुढे येतो,
बोलण्याआधी श्वास घेतो,
आणि तो श्वास
मागच्या तट्ट्याला टेकून बसलेल्या बायांनाही
श्वासासारखाच ऐकू जातो.

पडद्याआड नेवारे मला काही सांगू लागतात.
पहिल्या रांगेतल्या माना वळतात.
मी त्यांच्या कोपराला बोट लावते.
ते उतरतात. पुन्हा लावते. अजून उतरतात.
"एवढा?" विचारत असावेत,
कारण आता नुसतेच ओठ हलताहेत.

मी बोट जरासं उचलते.