सातवं बटण

माझ्या फोनचं सातवं बटण जाऊन तीन वर्षं झाली.
शिंपल्यांच्या दोराची गाठ सोडताना
खारं पाणी आत शिरलं
आणि त्या एका बटणाखालची चार अक्षरं बुडाली.
बाकीची पोहत वर आली.

तेव्हापासून मला समुद्र लिहिता येत नाही. पाणी येतं.
थंडी येत नाही, बर्फ येतो.
वारा येतो, आणि आमच्या केम्चीत तेवढ्यावर भागतं.
बटाटा येत नाही.
चिलोए बेटावर राहायचं आणि बटाटा नाही,
हसा खुशाल.
'नाही' लिहिता येतं, 'हो' येत नाही,
मग बेटावरचा तो छोटा होकार, दोन अक्षरांचा,
मान न हलवता देतो तो, तेवढा चालवून घेते.

अनेकवचन तर गेलंच.
आमच्या भाषेत ते शब्दाच्या शेपटीला असतं
आणि शेपटी सातव्यात राहायची.
म्हणून आता सगळं एकेक.
एक मेंढी. एक नाव. एक दिवस.
एदुविना म्हणते, बोलताना तरी कुठे उच्चारतो गं आपण शेपूट,
तुझा फोन अस्सल इथलाच,
शाळेत न गेलेला.

बॅटरी सैल आहे. बसचं तिकीट चौघडी करून खाली सारलंय,
तरी धक्का बसला की निसटते,
आणि फोन पुन्हा जागा होतो तो
एक जानेवारी दोन हजार चारला.
जुलैचा महिना, पत्र्यावर गारा,
आणि हा मला सांगतो भर उन्हाळा.
मी म्हणते, नवीन वर्षाच्या शुभेच्छा.
कुणीतरी म्हणायला हवं.
चार्जरची पिन डावीकडे कलती ठेवून
वर चपटा दगड. दगड ठरलेला आहे, दुसरा चालत नाही.

लेक पुंता अरेनासला, हॉटेलच्या लाँड्रीत.
तिचं नाव यास्ना. तेही मला लिहिता येत नाही,
'लेक' येतं.
मुका येत नाही. मिठी येत नाही.
खाली 'आई' एवढंच.

मागच्या वर्षी तिनं काचेचा फोन पाठवला.
शिंपल्यांनी माझ्या बोटांवरच्या रेघा कधीच खाल्ल्यात;
काचेवर अंगठा ठेवला तर ती विचारते, तू कोण?
पुसून ठेवला. पुन्हा, तू कोण?
तिसऱ्यांदा विचारल्यावर लोकरीच्या टोपलीत ठेवून दिला.
छान, उबदार आहे तिथे.

परवा कास्त्रोला गेले होते, दात दाखवायला.
गल्लीत डॉन एलेउतेरियोंचं दुकान, घड्याळं, रेडिओ,
त्यांनी दुसऱ्या एका मेलेल्या फोनचे आकडे काढून
माझ्या फोनवर बसवले.
दोन हजार पेसो, आणि पुढच्या खेपेला पिशवीभर शिंपले.
सातवं बटण दाबलं की टक्क वाजत होतं,
नव्या दातासारखं.

परतीच्या बसमध्ये लिहीत बसले.
यास्ना, पहिल्यांदा, पूर्ण.
समुद्र. थंडी. तिन्ही मेंढ्या.
बटाटे, पुष्कळ बटाटे, गरज नसताना.
शेवटी मुके, शेपटीसकट.
एकही अक्षर न गाळता पाठवून दिलं.

उत्तर लगेच आलं:
कोण आहात? हा फोन माझ्या आईचा आहे.
कुठे सापडला?

डोंगर उतरेपर्यंत मी ते वाचत राहिले.
मागच्या सीटवर कुणाचं तरी कोंबडं पिशवीत हलत होतं.
मग अंगठा उचलला,
सातव्याला वळसा घालून, जुन्या सवयीनं:
लेक. मेंढी बरी. वारा आहे. जेव.
आई.

पाकीट उडताना दिसलं, की उडणारच होतं,
तेवढ्यात खड्डा आला.
एक जानेवारी.
काचेवर गारा वाजत होत्या.