दोन चौकटींचं

नागदेवी स्ट्रीटला गेले तेव्हा पर्समध्ये होतं
फ्रिजवरचं चुंबक, आंब्याच्या आकाराचं,
शिवणाची टेप,
आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली पेटीतली एक रिकामी चौकट.

ताहेरभाईंनी माळ्यावरून तीन पिंपं उतरवली.

पहिलं पत्र्याचं. तीन हजार नऊशे.
आंबा टक्कन चिकटला.
"जस्ताचा मुलामा आहे बाई, गंजणार नाही."
नसेल गंजत. पण मध पोटातून आंबट असतो, भाई,
जस्त चाटत बसतो.
ते बाजूला.

दुसरं चार चौकटींचं, पितळी तोटीचं,
साडेअकरा हजार.
त्यात माझं तोंड लांबट दिसलं आणि जरा श्रीमंत.
"पेट्या किती?"
दोन.
"आणि मध?"
गेल्या वर्षी पोळं कापलं, फडक्यातून पिळलं,
मेण, पराग, पिल्लं, सगळा एकच काला.
निघाला बरणीभर.
(त्या संध्याकाळी माश्या पेटीच्या दाराशी
नुसत्या बसून होत्या.
हे मी भाईंना सांगितलं नाही.)
त्यांनी चकचकीत पिंपावर परत प्लास्टिक ओढलं.
असा दुकानदार मी पाहिला नव्हता.

तिसरं दोन चौकटींचं, हाताने फिरवायचं, पाच हजार दोनशे.
आंबा घसरून फरशीवर पडला, पान तुटलं.
चौकट घातली तर जाळीत डुगडुगली.
मापं परदेशी माशीची,
माझी सातेरी अंगाने लहान, तिचा संसारही लहान.
"तारेचे दोन वेढे द्या, बसेल."
मग हँडल फिरवलं, रिकामंच, डोळे मिटून.

तेवीस वर्षं मी लॅबमध्ये रक्त फिरवलंय.
सेंट्रिफ्यूज बंद पडायच्या आठवडाभर आधी
मला कानात सांगून ठेवायचं.
या यंत्राचं दातेरी चाक नायलॉनचं होतं,
कुरकुरत होतं,
पण खोटं बोलत नव्हतं.
दोनशे सुटले. चेंबूरपर्यंत टॅक्सीत
पिंप मांडीवर, मोठं झालेलं मूल घ्यावं तसं.

करंज झडून गेला त्या आठवड्यात
भरून, झाकून तयार झाल्या तीन चौकटी.
तीन!
दोन आरामात निघाल्या.
गच्चीवरची लिफ्टची खोली, दार लावलेलं, रात्रीचे दहा,
आतल्या पत्र्यावर मधाची सर
तडतड, तडतड, मग नुसती ओल.
उरली एकटी.

नमुना एकच असला की समोर
तेवढ्याच वजनाची पाण्याची नळी ठेवायची,
हे मी किती पोरींना शिकवलं.
काट्यावर तोललं,
रिकाम्या चौकटीला तूरडाळीची पुरचुंडी बांधली,
ग्रॅमला ग्रॅम.
आणि फिरवलं.

रक्त आपल्या नळीतच राहतं.
मध निघून जातो.
हे माझ्या लक्षात यायला पन्नास वेढे लागले.
इकडची बाजू हलकी होत गेली, डाळ होती तेवढीच भारी,
आणि यंत्र तीन पायांवर
लिफ्टच्या खोलीतून चालायला लागलं, दाराकडे,
धडाम धडाम.

दार उघडलं. वैद्यनाथन.
सोसायटीचे सेक्रेटरी, माश्यांवरून मला तीन नोटिसा,
तिसरी लाल शाईत.
लुंगी, हातात टॉर्च.
काही विचारायच्या आत त्यांनी पिंपाला मिठी मारली.
"फिरवा," म्हणाले, "थांबलात तर पडेल."
मी फिरवत राहिले.
ते हनुवटी कडेवर टेकून, डोळे मिटून
हादरत राहिले सगळेच्या सगळे.

एक किलो आठशे साठ.
पावतीच्या मागे हिशेब केला, टॅक्सी धरून:
किलोला एकोणतीसशे रुपये.
चौकटी मात्र शाबूत. सकाळी टांगल्या परत,
एक एक खण उघडा, एकही भिंत न मोडलेला,
माश्या आत शिरल्या
भाडेकरू दिवाळीहून परततात तशा.

डाळीला मध लागला होता.
टाकवेना. शिजवली.
वरण गोडसर झालं, घरात कुणी
काही बोललं नाही.